खसखशीचा ठपका

मी अफू घेत नाही. कधी घेतली नाही, आणि आमच्या सोबोटा गावात ती मिळते कुठे हेही मला ठाऊक नाही. तुम्हाला हे मी सहज सांगून टाकलं. पण हेच वाक्य मला वयाच्या पन्नासाव्या वर्षी, सव्वीस वर्षं नर्सची नोकरी करून झाल्यावर, एका विद्यापीठाला तीन प्रतींत लिहून द्यावं लागलं. तिन्ही प्रतींवर सही, सहीखाली तारीख, तारखेखाली साक्षीदार. साक्षीदार म्हणून माझ्या नवऱ्याने, एमिलने, सही केली आणि वर मान करून विचारलं, "खरंच नाही ना घेत, डार्ला?" मी पेनाचं टोपण त्याला फेकून मारलं. लागलं नाही. त्याचाही मला अजून राग आहे.

सुरुवात झाली ती डॉक्टर थर्लोंमुळे. एक्याऐंशीव्या वर्षी त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि ते लेकीकडे ॲरिझोनाला निघून गेले. दारावरची 'थोड्या वेळात येतो' ही पाटी काढायला कुणाला सुचलं नाही. ती वाचून दोन म्हाताऱ्या पायरीवर दीड तास बसून राहिल्या. नेब्रास्काच्या मक्यात सहाशे माणसांचं आमचं गाव, पुढचा दवाखाना अठ्ठावन्न मैलांवर वेस्कॉटला. दवाखान्याची इमारत गावच्या मालकीची. गावमंडळाचा अध्यक्ष डेल्मर प्राइस. हा आमचा शेजारीही आहे, म्हणजे त्याचं बोलणं मला दोन्ही नात्यांनी ऐकावं लागतं. त्याने ठरावच करून घेतला की तीन वर्षं डॉक्टरची वाट बघायची. तिसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत कुणी आलं नाही, तर इमारत स्वस्त वस्तूंच्या दुकानाला द्यायची. गावात औषध मिळालं नाही तरी चालेल, प्लास्टिकच्या बादल्या मिळाल्या पाहिजेत.

मी ठरवलं की मीच करते काहीतरी. रविवारी सगळे जेवायला बसले असताना मी जाहीर केलं.

"मी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर होणार. म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना तपासायचं, निदान करायचं, औषध लिहून द्यायचं. त्यासाठी नर्सिंगमधली डॉक्टरेट करणार. तीन वर्षं लागतील."

माझ्या सासूबाई, आल्बीना व्होंद्रा, यांनी चमचा खाली ठेवला. त्या चमचा खाली ठेवतात तेव्हा घरात घड्याळसुद्धा जरा हळू चालतं.

"म्हणजे तू डॉक्टर होणार."

"हो."

"पण डॉक्टर नाही."

"डॉक्टरेट असलेली नर्स, मॉम."

"नर्स तर तू आहेसच. मग जे आहेस तेच व्हायला तीन वर्षं कशाला?"

मी चिलीच्या तिखट रश्श्यात दालचिनीचा गोड रोल बुडवला. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून डेल्मर म्हणाला, "अगं, एवढं करायचंच तर खरी डॉक्टर का होत नाहीस?" चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तीन जणींनी मला तीन निरनिराळ्या भाच्यांची उदाहरणं दिली. एकीचा भाचा दातांचा डॉक्टर, एकीचा डॉक्टरकी अर्धवट सोडलेला, आणि तिसरीचा विमा विकणारा. तरी मी अर्ज भरला.

दोन वर्षं अभ्यास केला. दिवसा जिल्ह्याच्या हॉस्पिटलातली नोकरी, संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक. संख्याशास्त्राने मला रडवलं, औषधशास्त्राने जागवलं, आणि 'ग्रामीण रक्तदाब' या विषयावर साठ पानं लिहिताना माझा स्वतःचा रक्तदाब किती झाला हे मी मुद्दाम मोजलं नाही. पण ते सगळं जमलं. जमलं नाही ते पुढचं.

शेवटचे साडेतीनशे तास प्रत्यक्ष दवाखान्यात काढायचे होते, मुरलेल्या माणसाच्या हाताखाली, खरे रुग्ण तपासत. हा मुरलेला माणूस कोण देणार? मला वाटलं विद्यापीठ देणार. वाटणं साहजिक आहे. फी त्यांनी घेतली होती, माझ्या शेजाऱ्यांनी नव्हे. मी ईमेल पाठवला. उत्तर आलं:

'मार्गदर्शक शोधण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची आहे. हा शोध हासुद्धा आपल्या शिक्षणाचाच एक सुंदर भाग आहे! प्रेमपूर्वक, ब्रेंट.'

हा ब्रेंट विद्यापीठाचा नेमणूक अधिकारी. नेमणुका सोडून बाकी सगळं करत असे. म्हणजे खानावळवाल्याने ताट मांडून बसवायचं आणि सांगायचं, भाजी तुमची तुम्ही हुडकून आणा, प्रेमपूर्वक.

मी फोन करायला लागले. त्रेचाळीस दवाखाने. एक म्हणे आमच्याकडे आधीच चार विद्यार्थी आहेत. एक म्हणे विद्यार्थी घ्यायचे नाहीत असं वरून आलंय. वर कोण, ते त्यांनाही माहीत नव्हतं. एका ठिकाणी मला अकरा मिनिटं बासरी ऐकवली आणि फोन बंद केला. होकार दिला तो एकट्या डॉक्टर एकडालांनी. ते गुरांचे डॉक्टर.

"माझ्याकडे ये, डार्ला," ते म्हणाले. "बाळंतपणं हवी तेवढी. तक्रार करणारा रुग्ण एक नाही."

मला इतका संताप आला होता की मी खरोखर अर्ज भरला. 'रुग्णांचा वयोगट' या रकान्यात लिहिलं: दोन दिवस ते अकरा वर्षं. दुसऱ्या दिवशी ब्रेंटचं उत्तर हजर. 'वा! बालरुग्णांचा इतका समृद्ध अनुभव! फक्त डॉक्टरांचा परवाना क्रमांक आमच्या यादीशी जुळत नाही. कृपया तपासावा.'

चव्वेचाळिसावा फोन मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. वेस्कॉटचा दवाखाना चालवत होती शेल्बी क्रॅनफर्ड. वय एकतीस. नर्सिंगची विद्यार्थिनी असताना ती आमच्या हॉस्पिटलात माझ्या हाताखाली होती, आणि पहिल्याच दिवशी हातात खुळखुळणारी कडी घालून आली म्हणून मी तिला सगळ्यांसमोर घरी पाठवलं होतं. रडत गेली होती. आता तीच नर्स प्रॅक्टिशनर होती, आणि मी तिच्या दारात.

"मिसेस व्होंद्रा?" फोनवर ती म्हणाली. "म्हणजे त्याच का? कडीवाल्या?"

"त्याच."

मी खिडकीतून डेल्मरचं गवत बघत राहिले. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"कागद पुरे झाले की या," ती म्हणाली. "सकाळी साडेसातला. कडी घालू नका."

मी फोन ठेवला आणि भांडी घासली. घासलेली भांडी पुन्हा घासली.

आता कागद. बोटांचे ठसे हवेत, मी गुन्हेगार नाही हे सिद्ध करायला. शेरीफच्या कचेरीतल्या पोराने माझी दहा बोटं तीनदा फिरवली, यंत्र पुसलं, पुन्हा फिरवली.

"तुम्हाला ठसेच नाहीत, मॅडम."

"म्हणजे?"

"गुळगुळीत आहेत. सारखे हात धुता का?"

"सव्वीस वर्षं."

तो जरा गंभीर झाला. "पण मग तुम्ही कुणाचा खून केलात तर आम्ही तुम्हाला शोधायचं कसं?"

"हा प्रश्न मला आज विचारू नकोस," मी म्हटलं.

ठशांऐवजी माझ्या सभ्यपणाचं पत्र शेरीफने स्वतः दिलं. राहिली नशेची चाचणी. ती एका सोमवारी होती, फेब्रुवारीत. आणि सोमवारच्या आदल्या दिवशी, हे सगळ्या जगात ठरलेलं आहे, रविवार येतो. रविवारी सासूबाईंकडे कोलाचे असतात.

कोलाचे म्हणजे मऊ गोड पाव, मधे खळगा, खळग्यात सारण. सासूबाईंचं सारण खसखशीचं. खसखस दळायची, दुधासाखरेत आटवायची आणि काळंभोर होईपर्यंत हलवत राहायचं. जिल्ह्याच्या जत्रेत अकरा वर्षं त्यांना पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली आहे, आणि बाराव्या वर्षी जिला मिळाली तिच्याशी त्या अजून बोलत नाहीत. त्या रविवारी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या वयाच्या बाईकडे उमेदवारी करणार म्हणे," आणि मी रागाच्या भरात सहा कोलाचे खाल्ले. शांत असते तर दोन खाल्ले असते. हे नंतर मी सुनावणीतही सांगितलं, पण ते कुणी लिहून घेतलं नाही.

नऊ दिवसांनी निकाल आला. 'नमुना: नकारात्मक नाही.' सकारात्मक म्हणायचीही हिंमत नाही. माणूस मेला असेल तर 'जिवंत नाही असे म्हणता येत नाही असे नाही' लिहितील. खाली आणखी एक ओळ: 'उमेदवाराशी तीनदा संपर्क साधला. उमेदवार उपलब्ध नाही.' प्रयोगशाळेच्या डॉक्टरने फोन केले होते, हे खरं. तेव्हा मी काय करत होते? एका शेतकऱ्याचं यंत्रात सापडलेलं बोट दोन्ही हातांनी दाबून धरून उभी होते. बोट सोडून फोन घ्यायला हवा होता, ही माझी चूक.

मग ब्रेंटचा ईमेल. 'आपली दवाखान्यातली नेमणूक तूर्त स्थगित करण्यात येत आहे. सुनावणी तीन आठवड्यांनी. आपल्या बरे होण्याच्या प्रवासात आम्ही आपल्या सोबत आहोत. प्रेमपूर्वक.'

बरे होण्याच्या!

विद्यापीठाने नियमाप्रमाणे वेस्कॉटच्या दवाखान्याला आणि हॉस्पिटललाही कळवलं. दुसऱ्या दिवशी मुख्य परिचारिकेने मला आत बोलावलं, माझ्याकडे न बघता हात पुढे केला आणि औषधांच्या कपाटाची किल्ली मागितली. सव्वीस वर्षं ती किल्ली माझ्या गळ्यात होती. मॉर्फिनच्या कुप्या रोज मी मोजत होते, एकही कधी कमी भरली नाही. मी किल्ली काढून दिली आणि मला चादरी मोजायला बसवलं. चादरी! सांगते तुम्हाला, आयुष्यात माझा पुष्कळ वेळा अपमान झाला आहे, पण त्या दिवशी चादरींच्या खोलीत मी एकशे बारापर्यंत मोजलं, आणि पुढचा आकडा मला आठवेना.

गावाला कळायला एक दिवस लागला, कारण वेस्कॉटच्या दवाखान्यात फोन घेणारी मुलगी डेल्मरची पुतणी. संध्याकाळी तो कुंपणाशी आला.

"डार्ला, व्हिनेगर पी."

"कशाला?"

"सगळं धुऊन निघतं. आणि काळजी करू नकोस. गावात कुणी एक शब्द बोलणार नाही. मी सगळ्यांना बजावलंय."

"सगळ्यांना?"

"एकूण एकाला," तो अभिमानाने म्हणाला.

रविवारी पाद्रीबाबांनी 'मोहाच्या विळख्यात सापडलेल्या, आजारी माणसांची सेवा करणाऱ्या एका भगिनीसाठी' प्रार्थना केली. चर्चमध्ये चाळीस माणसं. आजारी माणसांची सेवा करणारी त्यातली मी एकटी. चाळीस डोकी खाली झुकली, आणि झुकता झुकता माझ्याकडे बघून घेतलं.

सासूबाईंना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. प्रार्थना संपल्यावर त्या मला गाडीपाशी घेऊन गेल्या.

"ती भगिनी तू का?"

मी सगळं सांगितलं. खसखशीत अफूचा अंश असतो, तो चाचणीत दिसतो, विद्यापीठाची मर्यादा इतकी खाली आहे की कोलाच्यानेही ओलांडली जाते. सासूबाई ऐकत राहिल्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"अफू? माझ्या कोलाच्यात?"

"मॉम, तसं नाही—"

"माझ्या आजीने बोहेमियातून आणलेली कृती आहे ती. बाळांना दात येताना आम्ही हेच चाटवलं. एमिल याच्यावर वाढला."

एमिलच्या स्वभावाबद्दल मला त्या क्षणी काही गोष्टींचा उलगडा झाला.

"कधी आहे सुनावणी?"

"सतरा मार्चला. पण मॉम, सुनावणी माझी आहे."

"आणि अपमान माझा आहे," त्या म्हणाल्या. "मी येणार."

सतरा तारखेला आम्ही एमिलची पिकअप घेऊन निघालो. दोनशे दहा मैल. सासूबाईंच्या मांडीवर चार डझन कोलाचे, वर पांढरा पंचा. वाटेत दोघी मिळून विद्यापीठाला शिव्या देत होतो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण आमचं दोघींचं एका गोष्टीवर इतका वेळ एकमत मी तेव्हाच बघितलं.

जिना चढून तिसऱ्या मजल्यावर खोली. टेबलामागे तिघं. अध्यक्ष डॉक्टर पेनरोज, केस इतके नीटनेटके की हात लावला तर टक् असा आवाज येईल. औषधशास्त्राचे म्हातारे प्राध्यापक ॲमंडसन, ते दुपारचं जेवण चुकल्यासारखे दिसत होते. आणि ब्रेंट. प्रत्यक्षात ब्रेंट चोविसेक वर्षांचा, गालावर अजून पुटकुळ्या. दोन वर्षं मी या पोराला मनातल्या मनात किती वेळा गच्चीवरून ढकललं होतं! आता त्याला बघून वाटलं, आधी याला काहीतरी खायला घालावं. त्याने मला आणखीच राग आला.

सासूबाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं. नियम होता.

"मिसेस व्होंद्रा," पेनरोज म्हणाल्या, "ही चौकशी नाही. हा संवाद आहे."

"मग माझ्या हॉस्पिटलला फोन करा आणि सांगा, संवाद झाला, बाईंची किल्ली परत द्या."

"आपला राग आम्ही समजू शकतो."

"नाही समजू शकत. तुम्हाला कुणी चादरी मोजायला बसवलं नाही."

"आम्ही तुमचं ऐकतोय," ब्रेंट हळूच म्हणाला.

"मी खसखस खाल्ली! सहा कोलाचे! हे मी तीन प्रतींत लिहून दिलंय. ते वाचलंत का कुणी?"

पेनरोजबाईंनी कागद चाळले. "खाद्यपदार्थांविषयी नियमावलीत तरतूद नाही."

तेवढ्यात दार उघडलं. सासूबाई आत आल्या आणि ताट टेबलाच्या मधोमध ठेवून त्यांनी पंचा काढला. भाजलेल्या लोण्याचा वास खोलीभर पसरला.

"बाईसाहेब, आपल्याला बाहेर थांबावं लागेल," पेनरोज म्हणाल्या. "इथे फक्त पुरावा आणि विद्यार्थी."

"मी पुरावाच आणलाय. खा."

"माफ करा?"

"खा म्हणते. ही पोर सहा खाऊन अफूबाज ठरली ना? तुम्हीही खा. मग तुमचीही घ्या चाचणी. बघू कोण बरं होण्याच्या प्रवासाला निघतं!"

मग प्राध्यापक ॲमंडसन यांनी हात लांब केला, एक उचलला, चावला, आणि डोळे मिटले.

"माझी आई असेच करायची," ते म्हणाले. दुसरा घेतला. "पेनरोज, खसखशीत मॉर्फिनचा अंश असतो. हे मी याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, एकतीस वर्षं शिकवतोय. मला कुणी विचारलं का?"

"विचारण्याची तशी पद्धत—" ब्रेंटने सुरुवात केली, पण त्याच्याही तोंडात कोलाचे होता.

ॲमंडसनसाहेबांनी मोजून सहा खाल्ले. सातवा सासूबाईंनी पुढे केला तो त्यांनी नाकारला. "प्रयोगात फेरफार नको." मग रुमालाला हात पुसून ते उठले आणि उद्या सकाळी त्याच प्रयोगशाळेत नमुना देतो म्हणून सांगून निघून गेले. पेनरोजबाईंनी एकही खाल्ला नाही. त्या गोड खात नाहीत म्हणे. सासूबाईंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने त्या फक्त बाराव्या वर्षीच्या फीतवालीकडे बघतात.

आठवड्याने ॲमंडसनसाहेबांचा निकाल आला: 'नकारात्मक नाही.' आता आली का पंचाईत! नियम विद्यार्थी आणि शिक्षक दोघांना एकच. म्हाताऱ्याने विद्यापीठाला पत्र लिहिलं, 'नियमाप्रमाणे मला तात्काळ निलंबित करावे,' आणि त्याच्या प्रती कुलगुरूंपासून बागेच्या माळ्यापर्यंत सगळ्यांना पाठवल्या. दोन दिवसांत मला पत्र आलं. 'सदर प्रकरण प्रशासकीयदृष्ट्या निकाली काढण्यात येत आहे.' एवढंच. चुकलं म्हणून कुणी म्हटलं नाही. किल्ली मला एका पाकिटात घालून दिली, टेबलावर, मी जेवायला गेले असताना. चाळीस डोकी पुन्हा वर करा म्हणून चर्चमध्ये कुणी प्रार्थना केली नाही. रागच येतो मला. ज्यांना या गोष्टीचं हसू येतं त्यांनी खुशाल हसावं, मला जमलं तर मीही हसेन.

एप्रिलपासून मी वेस्कॉटला जायला लागले. आठवड्यातून तीन दिवस, जाताना अठ्ठावन्न मैल, येताना अठ्ठावन्न. शेल्बी मला पहिल्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एक बाई कान दुखणाऱ्या मुलाला घेऊन आली. मी मुलाचा कान बघितला, घसा बघितला, ताप बघितला, सगळं बरोबर केलं, आणि आईला म्हटलं, "बसा हं, मी डॉक्टरांना सांगते."

बाहेर आले तर शेल्बी भिंतीला टेकून उभी.

"कुणाला सांगणार आहात, मिसेस व्होंद्रा?"

"काय?"

"डॉक्टरांना सांगते म्हणालात. इथे डॉक्टर नाही. मी आहे, आणि मी काही दिवसांनी तुमच्या मागे नसणार. कान कुणी बघितला?"

"मी."

"काय झालंय त्याला?"

"कानात पू झालाय."

"मग आत जाऊन सांगा ना त्यांना. सव्वीस वर्षं तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही दुसऱ्या कुणाकडून तरी वदवून घेत होतात."

माझ्या कानशिलावर कुणीतरी मारल्यासारखं झालं. माझी लेक शोभेल अशी पोर! मी आत गेले, दार जरा जोरातच लावलं, आणि त्या बाईला सांगितलं काय झालंय, काय औषध, किती दिवस, आणि कधी परत यायचं. आवाज माझाच होता, पण मला ओळखीचा वाटला नाही. घरी परतताना अर्धा रस्ता मी शेल्बीला शिव्या दिल्या आणि अर्धा रस्ता मला काही सुचलं नाही.

जूनमध्ये तास पुरे झाले, जुलैत परीक्षा, ऑगस्टच्या अखेरीला परवाना. सप्टेंबरच्या गावमंडळाच्या बैठकीत डेल्मर दुकानवाल्यांचा नकाशा पसरूनच बसला होता. इथे बादल्या, इथे कचऱ्याचे डबे, इथे गल्ला. मी नकाशावर परवाना ठेवला.

त्याने चष्मा लावून वाचलं. "हे छान झालं, डार्ला. पण गावाला वाट खऱ्या डॉक्टरची होती. मंडळाने विचार करायला हवा."

माझ्या तोंडात एक शब्द आला होता. तो सभेच्या टिपणात लिहिण्यासारखा नव्हता. पण मंडळावर गुरांचे डॉक्टर एकडालही होते. ते उठून उभे राहिले.

"तीन वर्षं या गावातली निम्मी माणसं रात्रंदिवस माझ्या गोठ्यात येऊन घसे दाखवतात. हे बेकायदा आहे, आणि मला आता कंटाळा आलाय. डेल्मर, गेल्या महिन्यात तुझ्या पाठीला मी जे मलम दिलं, त्याच्या डब्यावर कुणाचं चित्र होतं ते सांगू का सभेला?"

मतदान तीन विरुद्ध दोन झालं. डेल्मरने विरुद्धच मत दिलं, पण पाठ सरळ ठेवून.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी मी दवाखाना उघडला. सात वाजता दार उघडते तो बाकावर सासूबाई. रविवारचा कोट, मांडीवर पर्स.

"मॉम, काय झालं? घरी काही—"

"मी रुग्ण आहे," त्या म्हणाल्या. "पहिला नंबर माझा. लिहून घे."

मला वाटलं कौतुकाने आल्या. हसत आत घेतलं, वजन केलं, स्टेथोस्कोप छातीवर ठेवला, आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. प्रत्येक ठोक्याला एक खरखरीत फूत्कार. मानेपर्यंत ऐकू येत होता. असा आवाज मी पुस्तकात वाचला होता, आणि शेल्बीने मला तीन माणसांत ऐकवला होता. हृदयाची झडप आखडली होती.

"चालताना दम लागतो?"

"लागतो."

"चक्कर?"

"जिन्यावर."

"कधीपासून?"

"फेब्रुवारी असेल."

फेब्रुवारी! मी मनात मोजलं. मार्चमध्ये ही बाई चार डझन कोलाचे घेऊन माझ्यासाठी तीन मजले चढली होती. जिना! दोनशे दहा मैल जायला, दोनशे दहा मैल यायला, आणि सगळा वेळ छातीत हे घेऊन.

"आठ महिने!" मी ओरडले. बाहेर बाकावर आणखी दोघं होते, त्यांनीही ऐकलं असणार. "आठ महिने तुम्ही काही बोलला नाहीत! दर रविवारी मी समोर होते! एका टेबलावर जेवतो आपण! वेस्कॉटला घेऊन गेले असते, आणखी कुठे घेऊन गेले असते! तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

"ओरडू नकोस. घरी तू सून आहेस. सुनेला काय सांगायचं? आणि त्या वेस्कॉटच्या पोरीला मी माझी छाती दाखवणार नव्हते." त्यांनी कोटाचं बटण लावायला घेतलं, सोडून दिलं. "म्हटलं आपला दवाखाना उघडेल, मग दाखवू."

"आणि उघडला नसता तर?"

"तुझा स्वभाव मला माहीत आहे. उघडणारच होतीस."

मी फोन उचलला. हृदयतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यातली वेळ मिळत नव्हती. मी आवाज चढवला, मिळाली. चिठ्ठी लिहिली, निदान लिहिलं, खाली माझी सही. पेन रागाने इतकं दाबलं की कागदाला खळगा पडला. मला रागाचाच अनुभव जास्त आहे.

"मरणार आहे का मी?" सासूबाईंनी विचारलं. अगदी साध्या आवाजात, दुधाचा रतीब विचारावा तसं.

"नाही. झडप बदलतील. मांडीतून आत घालतात, छाती उघडावी लागत नाही. बुधवारी मी स्वतः घेऊन जाणार. आणि तोपर्यंत तुम्ही एक पायरीसुद्धा चढायची नाही, कणीक मळायची नाही, आणि जे दुखेल ते त्याच क्षणी मला सांगायचं. कळलं?"

आयुष्यात कधी त्यांनी माझं एका वाक्यात ऐकलेलं नाही. त्या पर्स छातीशी धरून बसून राहिल्या.

"बरं, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

त्याने मला इतका राग आला, इतका! मी त्यांचं मनगट हातात घेतलं आणि नाडी मोजायला लागले. ती मी नुकतीच मोजली होती. तरी पूर्ण एक मिनिट मोजली, मग आणखी एक, आणि बाहेर बसलेल्यांना थांबू दिलं.